आधीचं सिझर, पुढचं बाळंतपण : द्रोणागिरीत राहून निर्णय घेताना

पहिलं सिझर झालेली बाई पुन्हा गरोदर राहिली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘पुन्हा कशाला जोखीम? तारीख घ्या आणि मोकळ्या व्हा.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या वेळी सगळ्यांची घरीच झाली, या खेपेला नॉर्मलच होऊ दे.’ डॉक्टर म्हणतात, ‘बघू, शेवटी ठरवू.’ आणि नववा महिना सरत आला की कळतं, आता ठरवायला फारसं काही उरलेलंच नाही.

हा निर्णय शेवटी नाही, सुरुवातीला घ्यायला लागायचं असतं. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १०० पैकी सुमारे २० बाळंतपणं सिझरने झाली होती. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हा आकडा २५.४ टक्क्यांवर गेला. म्हणजे चारातली एक. यातल्या अनेकींपुढे दुसऱ्या खेपेला हाच प्रश्न येतो.

तो तीन गोष्टींवर सोडवायचा. गर्भपिशवीवरचा आतला छेद कसा होता, पहिलं सिझर कशामुळे करावं लागलं, आणि या वेळचं बाळंतपण कुठे होणार. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टर विचारतातच. तिसरीचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो, आणि उरणजवळच्या द्रोणागिरीसारख्या ठिकाणी तीच सर्वांत आधी पाहायला हवी.

आधी जुनी फाईल शोधा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत बंदर, गोदामं आणि वाहतुकीच्या कामामुळे बाहेरून आलेली किती तरी घरं आहेत. त्यामुळे तुम्ही राहता सेक्टरमध्ये आणि ऑपरेशनचे कागद असतात चिपळूणच्या, कराडच्या किंवा जळगावच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये. दिवस राहिल्याचं कळल्यावरच माहेरी फोन करून ते मागवा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षं उलटली असतील तरी विचारा. बऱ्याच ठिकाणी जुनी नोंदवही असते. आईच्या कपाटातल्या पिशवीत बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर डिस्चार्ज कार्डही बहुधा सापडतं.

त्या कार्डावर काय वाचायचं? ‘एलएससीएस’ असं लिहिलेलं असेल तर छेद पिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा घेतलेला आहे. हा छेद चांगला भरून येतो आणि नॉर्मलचा विचार याच छेदावर करता येतो. ‘क्लासिकल’, ‘इन्व्हर्टेड टी’ असे शब्द दिसले तर छेद उभा किंवा वरपर्यंत गेलेला आहे. तिथे कळा येऊ द्यायच्या नसतात. पोटावरच्या कातडीची खूण पाहून यातलं काहीच कळत नाही. कातडीवर आडवी रेघ असली तरी आत उभा छेद असू शकतो, आणि उलटही.

मग कारण पाहा. ‘ब्रीच’ म्हणजे बाळ पायाळू होतं. ‘फीटल डिस्ट्रेस’ म्हणजे बाळाचे ठोके बिघडले. ‘एमएसएल’ म्हणजे पाण्यात बाळाची शी होती. ‘एनपीओएल’ म्हणजे कळा होत्या, पण बाळंतपण पुढे सरकलं नाही. ‘फेल्ड इंडक्शन’ म्हणजे औषध देऊनही कळा धरल्या नाहीत. ‘सीपीडी’ म्हणजे बाळाचं डोकं आणि कमरेची वाट यांचा मेळ बसला नाही असं तेव्हाच्या डॉक्टरांचं मत. हे शेवटचं मत कायमचं नसतं. बाळाचं डोकं तिरकं असल्यामुळे एकदा अडलं म्हणून कंबर कायमची अरुंद ठरत नाही. पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं, बाळाचं वजन किती होतं, नंतर ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता का, याही नोंदी डॉक्टरांना हव्या असतात.

कागद मिळालेच नाहीत तरी वाट बंद होत नाही. दिवस भरल्यावर झालेल्या बहुतेक सिझरमध्ये छेद खालचा आडवाच असतो. मात्र पहिलं बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा पोटात आडवं असेल तर उभ्या छेदाची शंका घ्यावी लागते. हे सगळं डॉक्टरांना आठवून सांगा.

आकडे दोन्ही बाजूंनी वाचा

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ मध्ये लिहिलं. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत, आणि पहिलंच सिझर उगाच करू नका, असं त्यांना बजावायचं होतं. पुढे खालचा आडवा छेद रूढ झाला, तेव्हा त्या वाक्याचा आधार गेला. वाक्य मात्र टिकलं.

आज जगभरात मान्य असलेलं चित्र असं आहे. एकच सिझर झालेल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या १०० बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर साधारण ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालेलं असेल तर ८४ च्या आसपास, ठोके बिघडले म्हणून असेल तर ७३, आणि बाळंतपण अडलं म्हणून असेल तर ६४. सिझरच्या आधी किंवा नंतर एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. कळा आपोआप येणं, वजन आटोक्यात असणं आणि बाळ चार किलोच्या आत असणं, यांनीही पारडं जड होतं.

आता दुसरी बाजू. कळांच्या ताणाने जुन्या टाक्यांची जागा फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. म्हणजे १९९ जणींना हे होत नाही. पण जिला होतं तिच्या बाळाला काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं, तिला स्वतःला रक्त लागू शकतं आणि क्वचित पिशवीही काढावी लागते. कळा आणण्यासाठी औषध दिलं तर हा धोका दोन ते तीन पट होतो. दोन बाळंतपणांत दीड-पावणेदोन वर्षांहून कमी अंतर असेल तरी तो वाढतो.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सर्वांत जास्त त्रास ना नॉर्मल झालेल्या बाईला होतो, ना ठरवून सिझर केलेल्या बाईला. तो होतो तासन्‌तास कळा सोसून शेवटी तातडीचं सिझर झालेल्या बाईला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग तिथे अधिक. म्हणूनच ‘प्रयत्न करून बघू, नाही तर सिझर आहेच’ हे वाक्य दिसतं तितकं बिनखर्चाचं नाही. तुमची यशाची शक्यता खरोखर चांगली आहे का, हे आधी पाहायचं ते याचसाठी.

सोनोग्राफीत ‘टाक्यांची जाडी इतके एमएम’ असा आकडा देऊन काही वेळा चर्चा तिथेच संपवली जाते. इतक्याच्या खाली नाही आणि इतक्याच्या वर हो, अशी सर्वमान्य रेघ अजून ठरलेली नाही. तो आकडा बाकी माहितीच्या जोडीने वाचायचा असतो. निर्णय त्या एकाच आकड्यावर होत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

नॉर्मलच्या वाटेला कोणी जाऊ नये

उभा किंवा टी-आकाराचा छेद, आधी पिशवी फाटलेली असणं, वार पिशवीच्या तोंडावर असणं, तीन किंवा अधिक सिझर झालेली असणं : इथे ठरवून सिझर हाच मार्ग. पिशवीतली मोठी गाठ काढल्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याचेही टाके पिशवीवरच असतात. दोन सिझर झालेल्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या अनुभवी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय विचार करू नये. आणि आधी सिझर झालेल्या कोणीही घरी बाळंतपणाचा बेत करू नये, सुईण कितीही जाणती असो.

ठरवून सिझर करणं ही हार नव्हे

ठरवून केलेल्या सिझरमध्ये टाके फाटण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो, तारीख हाताशी असते, मोठ्या मुलाची सोय लावता येते. पहिल्या वेळी अठरा तास कळा सोसून ऑपरेशन झालेल्या बाईला पुन्हा त्या वाटेने जायचं नसेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. तिने ते कोणाला पटवून द्यायची गरज नाही.

फक्त तारीख कोण ठरवतं ते पाहा. बाकी अडचण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझर करावं, म्हणजे बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता कमी राहते. पंचांगातला मुहूर्त ३७ व्या आठवड्यात येत असेल तर तो सोडून द्या. मुहूर्त बघायचाच असेल तर ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांत बघा.

तिसरं मूल हवं आहे का, हा प्रश्न नवरा-बायकोने आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्यावा. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर बसून पिशवीत रुतण्याचा धोका वाढतो. वार खाली असेल तर एका सिझरनंतर हा धोका ११ टक्क्यांच्या, दोन सिझरनंतर ४० टक्क्यांच्या आसपास जातो. आणखी मूल हवं असणाऱ्या घरात म्हणूनच नॉर्मलच्या प्रयत्नाला जास्त वजन येतं. ‘दोघांवर बस’ असं पक्कं असेल तर हा मुद्दा हलका होतो. सिझरबरोबरच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यात गैर काही नाही, पण त्याची संमती शांतपणे, आधीच्या भेटीत द्यावी. टेबलावर झोपवल्यावर कोणी विचारलं म्हणून मान डोलावू नये.

आता नकाशा उघडा

नॉर्मलचा प्रयत्न करायचा तो, गरज पडल्यास लगेच सिझर होऊ शकेल अशाच ठिकाणी. याचा अर्थ तिथे रात्री दोन वाजताही स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, चालू ऑपरेशन थिएटर आणि रक्त हाताशी हवं. भूलतज्ज्ञाला फोन करून पनवेलहून बोलवावं लागत असेल तर ते ‘हाताशी’ नव्हे.

द्रोणागिरीहून जवळचं शहर उरण. तिथे इंदिरा गांधी ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी प्रसूतिगृहं आहेत. तपासण्यांसाठी, रक्तातलं लोह वाढवण्यासाठी, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या मोफत गरोदरपण तपासणीसाठी जवळची जागा उत्तम. पण वर सांगितलेली पाच माणसं-साधनं चोवीस तास आहेत का, हे बाळंतपणासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागेल. नसतील तर नेरूळ, बेलापूर, वाशी, कामोठे किंवा पनवेल गाठावं लागतं, म्हणजे ढोबळमानाने वीस ते तीस किलोमीटर किंवा थोडं अधिक. आणि हा रस्ता जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरचा. करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा या टापूत ट्रेलरची रांग लागली की ॲम्ब्युलन्सलाही अंग चोरून जायला जागा राहत नाही.

जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते आणि द्रोणागिरीला स्वतःचं स्थानक आहे. तपासणीला जायला ती फार सोयीची. पण गाड्यांमधलं अंतर मोठं आहे आणि रात्री उशिरा ती मिळत नाही. कळा वेळापत्रक पाहून येत नाहीत, तेव्हा लोकलवर भिस्त ठेवू नका. त्याच महिन्यात सुरू झालेल्या अटल सेतूने चिर्ल्याहून शिवडी गाठता येते, आणि शिवडीपासून परळचं नौरोजी वाडिया प्रसूती रुग्णालय आणि केईएम फार दूर नाहीत. गुंतागुंतीच्या बाळंतपणासाठी ज्यांचं नाव तिथे घातलं आहे त्यांना हा पूल मोठा आधार आहे. पण सेतूवर रिक्षा आणि दुचाकीला मनाई आहे. चारचाकीची सोय आधीच लावून ठेवावी लागेल.

एक साधी चाचणी करा. सातव्या महिन्यात एखाद्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, ट्रेलरच्या गर्दीत, घराच्या फाटकापासून रुग्णालयाच्या प्रसूती विभागाच्या दारापर्यंत गाडीने जा आणि घड्याळ लावा. पहाटेचा वेळ मोजून स्वतःची फसवणूक करू नका. तासाच्या पुढे काटा जात असेल तर दोन पर्याय उरतात : शेवटचे दोन-तीन आठवडे रुग्णालयाच्या जवळ, बहिणीकडे किंवा माहेरी जाऊन राहणं, किंवा ठरवून सिझर. दोन्ही शहाणपणाचे. नेरूळच्या बाईला जो धोका परवडतो तो द्रोणागिरीच्या बाईला परवडेलच असं नाही. शरीर तेच असलं तरी रस्ता वेगळा आहे.

ठरवून सिझर करणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. तारीख घेतलेल्यांपैकी दहातल्या एकीला त्या तारखेच्या आधीच कळा सुरू होतात. तेव्हा हाच रस्ता आणि हीच घाई असते.

डॉक्टरांना हे विचारा

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि नवऱ्याला किंवा सासूबाईंना बरोबर न्या, म्हणजे घरी येऊन पुन्हा वाद होणार नाही.

१. माझे कागद पाहून माझी नॉर्मलची शक्यता तुम्हाला किती वाटते? कशावरून?

२. गेल्या वर्षी तुमच्याकडे आधी सिझर झालेल्या किती जणींनी प्रयत्न केला आणि किती जणींचं नॉर्मल झालं?

३. कळा चालू असताना तुम्ही स्वतः रुग्णालयात थांबता का? नसाल तर कोण असतं?

४. निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत तुमच्याकडे रात्री किती वेळ लागतो?

५. तारीख उलटली आणि कळा आल्या नाहीत तर? थांबणार, पिशवीचं तोंड उघडायला फुग्याची पद्धत वापरणार, औषध देणार की सिझर?

६. नॉर्मल ठरवून तातडीचं सिझर झालं तर बिल किती होईल?

पाचव्या प्रश्नाच्या उत्तराकडे नीट लक्ष द्या. मिझोप्रोस्टॉल हे कळा आणणारं औषध आधी सिझर झालेल्या, दिवस भरत आलेल्या बाईला देऊ नये. हे नाव ठाऊक असू द्या. घरच्या घरी एरंडेल, काढे किंवा कोणी सुचवलेल्या गोळ्या घेऊन कळा आणायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

‘आम्ही प्रयत्न करतच नाही’ असं एखादे डॉक्टर सरळ सांगतील. भूलतज्ज्ञ जागेवर नसलेल्या छोट्या प्रसूतिगृहाने असं म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे. त्यांच्यावर रागावू नका, दुसरी जागा शोधा, आणि तेही आठवा महिना संपायच्या आत. नवव्या महिन्यात नवी रुग्ण घ्यायला मोठी रुग्णालयंही नाखूश असतात. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. औषधं, रक्त, जेवण आणि ने-आणही त्यात येते.

कळा सुरू झाल्यावर

पहिल्या खेपेसारखं ‘कळा जवळ जवळ येऊ दे, मग निघू’ असं करायचं नाही. नियमित कळा सुरू होताच किंवा पाणी जाताच निघा. गाडी नसेल तर गरोदर बायकांसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८. दाखल होताना पहिलं वाक्य हेच सांगा : आधी सिझर झालंय. फाईल वाचली जाईल यावर विसंबू नका.

तिथे हाताला सुई लावून ठेवतील, रक्ताचा गट जुळवून ठेवतील आणि बाळाचे ठोके यंत्रावर सतत पाहतील. अधूनमधून कान लावून ठोके ऐकणं या बाळंतपणात पुरत नाही. कळांचं दुखणं कमी करणारं कमरेतलं इंजेक्शन घेता येतं. आधीचं सिझर त्याला आड येत नाही. सरकारी रुग्णालयांतही बाळंतपणाच्या वेळी घरची एक बाई सोबत असू शकते, असं केंद्र सरकारने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. त्या सोबतिणीकडून ही लक्षणं पाठ करून घ्या : दोन कळांच्या मधेही न थांबणारं पोटातलं दुखणं, टाक्यांच्या जागी अचानक कळ, अंगावरून लाल रक्त जाणं, जोरात येणाऱ्या कळा एकाएकी बंद होणं, चक्कर, घाम, खांद्यात दुखणं. यातलं काहीही दिसलं तर नर्सला लगेच हाक मारायची, संकोच करायचा नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात एक पान लिहा

तोवर विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते कळलेलं असेल, हिमोग्लोबिन वाढवलेलं असेल, रुग्णालय ठरलेलं असेल. आता डॉक्टरांसमोर बसून एका पानावर लिहून घ्या : ठरलेला मार्ग कोणता, कळा आधी आल्या तर काय, कळा आल्याच नाहीत तर कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं, रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, गाडी कोणाची, मोठं मूल कोणाकडे. त्यावर डॉक्टरांची सही घ्या आणि ते पान फाईलच्या अगदी वर लावा.

हे पान लिहिल्यानंतरही तुम्ही विचार बदलू शकता. अगदी कळा सुरू असतानाही ‘मला आता सिझर हवं’ म्हणण्याचा हक्क तुमचा आहे, आणि सिझरच्या तारखेच्या आदल्या रात्री जोरात कळा येऊन बाळ जवळ आलं असेल तर ‘नॉर्मल होऊ शकेल का?’ असं विचारण्याचाही. घरातल्या दोन तटांपैकी कोण जिंकलं हा प्रश्नच नाही. पान हातात असलं की ऐन वेळी भांडण होत नाही, आणि करळ फाट्यावर गाडी अडली तरी पुढे काय करायचं ते गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.